इन्स्टॉल स्क्रिप्टने प्रोसेसर ओळखावा, माइकची हमी देऊ नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे घोळ नको. शाळांच्या संगणक खोल्यांत इंटरनेटशिवाय चालणारं मराठी श्रुतलेखन बसवायचं आहे. आतलं इंजिन व्हिस्पर डॉट सीपीपी, मशीनवर उबंटू. तुमची शेल स्क्रिप्ट सुडो लावून (म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने) चालते, प्रोसेसर बघते, माइक बघते, तुमच्या लॅपटॉपवर बांधलेली बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम फाइल) टाकते आणि शेवटी हिरव्या अक्षरांत ‘सर्व तयार’ म्हणते. तरीही तीन तक्रारी आहेत. काही पीसींवर बोलायला सुरुवात केली की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन प्रोग्राम बसतो. काही ठिकाणी माइक व्यवस्थित चालू असताना स्क्रिप्ट म्हणते माइक नाही, आणि एके ठिकाणी तर माइक लावलेलाच नसताना ‘आहे’ म्हणाली. तिसरी तक्रार रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची: फाइल डोळ्यांसमोर आहे आणि शेल म्हणतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

तिन्ही दुखणी वेगळी आहेत. प्रोसेसरचं आधी घेतो, कारण ते पूर्ण बरं होतं. आवाजाचं तसं नाही.

‘तुमच्या लॅपटॉपवर बांधलेली’ या शब्दांतच पहिली तक्रार दडली आहे. व्हिस्पर डॉट सीपीपी ज्या जीजीएमएल लायब्ररीवर उभं आहे, तिच्या बिल्डमध्ये ‘जीजीएमएल नेटिव्ह’ नावाचा पर्याय मुळातच चालू असतो. म्हणजे कंपायलर, ज्या मशीनवर तो बसला आहे तिथल्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापरून मोकळा होतो. तुमचा लॅपटॉप नवा, त्यात एव्हीएक्स२ आहे, एफएमए आहे, एफ१६सी आहे (ही झटपट आकडेमोडीच्या आज्ञासंचांची नावं). शाळेतल्या पीसीला यातलं काही येत नसेल तर अनोळखी आज्ञा समोर आल्याबरोबर प्रोसेसर हात वर करतो, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोग्रामला ४ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो आणि शेलला बाहेर पडण्याचा कोड मिळतो १३२, म्हणजे १२८ अधिक ४. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमची स्क्रिप्ट प्रोसेसर ‘बघते’ म्हणजे काय करते? मॉडेलचं नाव काढते आणि त्यावरून जुना-नवा ठरवते. हे आजच बंद करा. २०१३ सालच्या चौथ्या पिढीच्या आय५ मध्ये एव्हीएक्स२ आहे. २०२० साली आलेल्या पेंटियम गोल्ड जी६४०० मध्ये एव्हीएक्ससुद्धा नाही, एव्हीएक्स२ तर दूरच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. इंटेलने पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त चिप्समधून ही सोय वर्षानुवर्षं काढून ठेवली होती आणि सरकारी वा देणगीतल्या खरेदीत नेमक्या याच चिप्स येतात. एका तालुक्याच्या शाळेत मी वीस पीसींची खोली लावली होती. वरून सगळे डबे एकसारखे, स्टिकर एकसारखे. अठरा चालले, दोन पडले. आत पाहिलं तर पुरवठादाराने दोन डब्यांत आय३ ऐवजी पेंटियम बसवून दिले होते. मॉडेलच्या नावांची यादी करून तिच्यावर विसंबणाऱ्याला हे असे दोन डबे नेहमी भेटतात.

आणि नावाची यादी तंतोतंत बनवलीत तरी ती पुरत नाही. चिपला एव्हीएक्स येत असेल, पण ऑपरेटिंग सिस्टिमने तिचे रुंद रजिस्टर जपून ठेवायची जबाबदारी घेतली नसेल, तर ती वापरता येत नाही. २०२३ साली इंटेलच्या चिप्समधली डाउनफॉल नावाची त्रुटी बाहेर आली. त्यानंतर लिनक्स कर्नलला असा पर्याय आला की मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत नसेल तर एव्हीएक्स सरळ बंदच करायचं. व्हर्च्युअल मशीनमध्ये आणखी वेगळी कथा: क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला काही सांगितलं नाही तर तो पाहुण्या मशीनला एक साधासुधा प्रोसेसर दाखवतो, ज्यात एव्हीएक्स नसतं, मग खालचं लोखंड कितीही तगडं असो. म्हणून प्रोसेसरच्या नावाला काहीही न विचारता कर्नलला विचारायचं: तू मला काय वापरू देणार?

लिनक्सवर हे उत्तर /प्रॉक/सीपीयूइन्फो मध्ये आहे, ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत. ही ओळ वाचायला सोपी आणि चुकायलाही सोपी. प्रत्येक कोअरसाठी ती पुन्हा छापली जाते, म्हणून पहिलीच घ्या. ओळीच्या सुरुवातीलाच ‘फ्लॅग्ज’ हवं असं ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला) बजावा, नाहीतर नव्या कर्नलमध्ये इंटेलच्या मशीनवर ‘व्हीएमएक्स फ्लॅग्ज’ अशी दुसरी ओळ असते, तीही पकडली जाते. शब्द पूर्ण जुळवा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘एव्हीएक्स’ शोधलं आहे; ते ‘एव्हीएक्स२’ मध्येही सापडतं आणि ‘एव्हीएक्स५१२एफ’ मध्येही. मी काय करतो तर, फ्लॅग्जच्या मजकुराच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी जागा जोडतो आणि केस विधानात ‘जागा, नाव, जागा’ असा नमुना लावतो. ग्रेपची गरज नाही आणि उबंटूच्या डॅशमध्येही (तिथलं एसएच म्हणजे हेच शेल) चालतं. (दुहेरी चौकटी कंसांची तुमची अट डॅशला कळत नाही. पहिल्या ओळीत नुसतं एसएच लिहून बॅशची भाषा बोलू नका.)

नावांचीही गंमत आहे. एसएसई३ शोधाल तर मिळणार नाही. ते तिथे ‘पीएनआय’ या नावाने बसलं आहे, प्रेस्कॉट चिपच्या काळापासूनचं बारशाचं नाव. एलझेडसीएनटी हे ‘एबीएम’ म्हणून भेटतं. आर्म प्रोसेसरच्या (रास्पबेरी पायसारख्या) मशीनवर ‘फ्लॅग्ज’ ही ओळच नसते, तिथे ‘फीचर्स’ असते. आणि ३२ बिट आर्मवर ज्याला ‘निऑन’ म्हणतात ते ६४ बिटवर ‘एएसआयएमडी’ होतं. पाय ४ वर ‘निऑन नाही’ असा निकाल देणाऱ्या स्क्रिप्टा मी पाहिल्या आहेत, चांगल्या जाणत्या लोकांनी लिहिलेल्या.

प्रोसेसरची माहिती छापणारी एलएससीपीयू ही आज्ञा वापरू नका असं नाही, पण तिचा छापील मजकूर स्थानिक भाषेनुसार बदलतो. जर्मन मशीनवर ‘मॉडेल नेम’ शोधायला जाल तर हात हलवत परत याल. मराठीत ही भाषांतरं आज नसतील, उद्या एखाद्या उत्साही मुलाने केली की तुमची स्क्रिप्ट मोडेल, तीही नेमकी मराठी शाळांत. कुठल्याही आज्ञेचा मजकूर चाळायचा असेल तर आधी एलसी-ऑल या भाषा ठरवणाऱ्या चलाला ‘सी’ करा. एका ओळीचं काम आहे, स्क्रिप्टच्या डोक्यावरच टाकून द्या.

किती पायऱ्या ठेवायच्या? २०२० साली एक्स८६-६४ साठी चार पातळ्या ठरवल्या गेल्या, व्ही१ ते व्ही४. व्ही२ म्हणजे एसएसई४.२ आणि पॉपकाउंटपर्यंत, व्ही३ म्हणजे एव्हीएक्स२, एफएमए, एफ१६सी, बीएमआय१ आणि २ वगैरे, व्ही४ एव्हीएक्स५१२. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची ९वी आवृत्ती व्ही२ मागते, १०वी व्ही३. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ किंवा पुढची असेल तर तिच्या लोडरला (प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फाइलला) ‘हेल्प’ म्हणून हाक मारा, तो आपण होऊन सांगतो की या मशीनवर कोणत्या पातळ्या चालतात. शाळांसाठी व्ही२ आणि व्ही३ या दोन बायनरी पुरतात. २०११-१२ च्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिजवाल्या पीसींत एव्हीएक्स आहे पण एव्हीएक्स२ नाही. ते फार असतील तर मधली एक तिसरी बांधा. एव्हीएक्स५१२ च्या नादी लागू नका. इंटेलने २०२१ च्या अल्डर लेकपासून घरगुती चिप्समधून ते परत काढूनच घेतलं.

एक सूचना इथे महत्त्वाची. व्ही३ ची बायनरी टाकायची तर व्ही३ चे सगळे फ्लॅग तपासा, एकट्या एव्हीएक्स२ वर समाधान मानू नका. खऱ्या चिपवर हे सगळे बहुधा एकत्र नांदतात, पण व्हर्च्युअल मशीन बनवणाऱ्याने एखादा मधलाच झाकून ठेवलेला असतो.

आणि इतकं करूनही शेवटी बायनरी चालवून बघाच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? फक्त ‘हेल्प’ छापून घेतली आणि झालं असं करू नका. मदतीचा मजकूर छापताना आकडेमोडीचा कोड बहुतेक गाठलाच जात नाही, आणि अनोळखी आज्ञा असतात त्या आकडेमोडीत. म्हणूनच तुमच्याकडे इन्स्टॉल नीट झालं आणि मूल बोलायला लागल्यावर प्रोग्राम मेला. व्हिस्पर डॉट सीपीपीच्या सॅम्पल्स फोल्डरात केनेडींच्या भाषणाचा ११ सेकंदांचा तुकडा असतो. तो सगळ्यात लहान मॉडेलला द्या आणि बाहेर पडण्याचा कोड बघा. १३२ आला तर एक पायरी खाली उतरा. १३७ आला तर दोष प्रोसेसरचा नाही, मेमरी संपून कर्नलने प्रोग्राम मारला असण्याची शक्यता जास्त: ‘स्मॉल’ मॉडेलला चालताना साधारण ८५२ एमबी लागते आणि ‘मीडियम’ला २.१ जीबी. २ जीबीच्या पीसीवर मीडियम टाकून नशिबाला दोष देणारे कमी नाहीत. (टायनी आणि बेस ही मॉडेलं चाचणीपुरतीच ठेवा. त्यांचं मराठी वाचवत नाही.) फक्त स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ई’ (आज्ञा फसली की थांब) असेल तर ही चाचणी इफच्या आत टाका, नाहीतर १३२ बरोबर स्क्रिप्टही जाईल आणि पायरी उतरायला कोणी उरणार नाही.

इथवर आलं की बरेच जण थांबतात. मीही थांबलो होतो, आणि वर्षभराने एका खोलीतल्या निम्म्या मशीन एका दिवसात बंद पडल्या. झालं होतं असं: शाळेच्या तंत्रज्ञाने एका पीसीवर सगळं छान बसवलं, मग त्या डिस्कची क्लोनझिलाने प्रतिमा काढली आणि बाकीच्यांवर ओतली. त्याचं काही चुकलं नव्हतं, वीस वेळा तेच बसवत कोण बसणार? माझी स्क्रिप्ट मात्र पहिल्या मशीनला ‘तुझा प्रोसेसर कोणता’ विचारून व्ही३ टाकून गेली होती, आणि तो निकाल बाकी सगळ्यांच्या माथी बसला. डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालणं हेही शाळांत रोजचंच.

म्हणून निवड इन्स्टॉलच्या वेळी करूच नका. दोन्ही-तिन्ही बायनरी टाका, काही एमबींचा प्रश्न आहे, आणि पुढे दहा ओळींची एक चालक स्क्रिप्ट ठेवा जी दर वेळी सुरू होताना फ्लॅग वाचून योग्य बायनरीकडे पाठवते. फ्लॅग वाचायला डोळ्याचं पातंही लवत नाही. जीजीएमएलमध्ये तर ही सोय तयारच आहे: नेटिव्ह बंद करा, ‘बॅकएंड डीएल’ आणि ‘सीपीयू ऑल व्हेरिअंट्स’ चालू करून बांधा, वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या लायब्ररी शेजारी शेजारी तयार होतात आणि प्रोग्राम सुरू होताना त्यातली चालेल अशी सगळ्यात सरस उचलतो. मग स्क्रिप्टने करायचं काम एकच उरतं: मशीन एक्स८६ आहे की आर्म, आणि प्रणाली ३२ बिट की ६४.

इथेच तुमच्या पायचं उत्तर आहे. ‘यूनेम -एम’ कर्नलचा बिट सांगतं, बाकी घराचा नाही. रास्पबेरी पायच्या ३२ बिट प्रणालीवर आता कर्नल मात्र ६४ बिट येतं, त्यामुळे यूनेम छातीठोकपणे ‘एआर्क६४’ म्हणतं, तुमची स्क्रिप्ट ६४ बिट बायनरी उतरवते आणि ती चालवायला लागणारा ६४ बिट लोडर त्या प्रणालीत नसतोच. शेल ओरडतं ‘नो सच फाइल’, ते तुमच्या फाइलबद्दल नसतं, त्या लोडरबद्दल असतं. पहिल्यांदा भेटलं तेव्हा माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती. डेबियनच्या वंशात (उबंटूही त्यातलंच) ‘डीपीकेजी’ या पॅकेजांच्या आज्ञेला आर्किटेक्चर छापायला सांगा: ‘आर्म-एचएफ’ म्हणजे ३२, ‘आर्म६४’ म्हणजे ६४. डीपीकेजी नसेल तर ‘गेटकॉन्फ लाँग बिट’. तेही नसेल तर /बिन/एसएच या फाइलचा पाचवा बाइट वाचा, १ असेल तर ३२ बिट, २ असेल तर ६४. हा शेवटचा उपाय जुनाट वाटतो पण त्याने मला कधी दगा दिला नाही. पाय ५ वर नेटिव्ह बांधलेली बायनरी पाय ४ वर नेऊ नका हेही सांगून ठेवतो: ५ च्या कॉर्टेक्स ए७६ ला डॉट-प्रॉडक्टच्या आज्ञा येतात, ४ च्या ए७२ ला येत नाहीत. पुन्हा १३२.

मॅकवर कधी न्यायचं झालं तर रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्राम अनुवाद करून चालवणाऱ्या सोयीखाली) चालणाऱ्या टर्मिनलमध्ये यूनेम ‘एक्स८६-६४’ म्हणतं, मशीन एम१ असलं तरी. सिसकंट्रोलमधलं ‘प्रॉक ट्रान्सलेटेड’ १ आलं की समजायचं अनुवाद चालू आहे. कोअर मोजण्याबद्दल फार बोलत नाही. व्हिस्पर मुळात चार थ्रेडच घेतो आणि शाळेच्या पीसीला तेवढे पुष्कळ. फक्त कंटेनरमध्ये ‘एनप्रॉक’ या कोअर मोजणाऱ्या आज्ञेने सांगितलेला आकडा तुमच्या वाट्याचा असेलच असं नाही, सीग्रुपची (कर्नल वाटा ठरवून देतो त्याची) ‘सीपीयू डॉट मॅक्स’ फाइल बघावी लागते.

आता आवाज. प्रोसेसर एकदा बसवला की वर्षानुवर्षं हलत नाही. माइक दुपारच्या सुट्टीत कोणी काढून नेतो. म्हणून स्क्रिप्टने प्रोसेसरबद्दल ठाम बोलावं आणि माइकबद्दल जपून.

तुमची स्क्रिप्ट सुडोखाली पॅकटीएलला (पल्सऑडिओशी बोलणाऱ्या आज्ञेला) विचारते, म्हणून ‘माइक नाही’ येतं. पल्सऑडिओ असो की पाइपवायर (उबंटूच्या डेस्कटॉपवर २२.१० पासून पाइपवायरच आहे), हा आवाजाचा कारभारी प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतंत्र असतो. त्याचं दार /रन/यूजर/१००० या फोल्डरात, त्या वापरकर्त्याच्या मालकीचं. रूट होऊन गेलात की रूटचा असा कारभारी नसतोच, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘माइक नाही’ असा लावता. ‘सुडो -ई’ने वातावरण तसंच नेलंत तर पल्स वेगळं कुरकुरतं: हे फोल्डर आपल्या मालकीचं नाही, १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याचं आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे. जबरदस्तीने रूटखाली पल्सऑडिओ सुरू करू नका. तसं केलेल्या एका मशीनवर वापरकर्त्याच्या घरातल्या पल्सच्या फाइल्स रूटच्या मालकीच्या झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खात्याला आवाजच नाही. शिक्षकांनी स्पीकर बदलून पाहिले, बिचारे.

स्क्रिप्टचे दोन भाग करा. पॅकेज टाकणं, फाइल्स जागी ठेवणं हे सुडोखाली. आवाजाची चौकशी वापरकर्त्याच्या खात्यात, सुडोशिवाय. एकाच स्क्रिप्टमध्ये करायचं असेलच तर ‘सुडो यूजर’ या चलातून मूळ माणूस ओळखा, त्याच्या नावाने आज्ञा चालवा आणि एक्सडीजी रनटाइमचा (त्याच /रन/यूजर फोल्डरचा) पत्ता त्याच्या क्रमांकाचा द्या. चालतं, पण मला पहिला मार्ग आवडतो.

कारभाऱ्याला न विचारता थेट कर्नलकडेही बघता येतं, आणि इन्स्टॉलच्या वेळी मी तेवढंच करतो. /डेव्ह/एसएनडी मध्ये ‘पीसीएमसी०डी०पी’, ‘पीसीएमसी०डी०सी’ अशी नावं दिसतात. शेवटचं ‘पी’ म्हणजे प्लेबॅक, ‘सी’ म्हणजे कॅप्चर. ‘सी’ने संपणारं एकही नाव नसेल तर त्या मशीनला या घडीला आवाज आत घेण्याचा मार्गच नाही, एवढं निश्चित. पायवर असंच दिसेल: त्याचं ३.५ मिलिमीटरचं छिद्र फक्त आवाज बाहेर काढतं, आणि पाय ५ ला तर ते छिद्रही नाही. तिथे यूएसबी माइकच हवा.

पण ‘सी’ सापडलं म्हणजे माइक आहे का? नाही. डेस्कटॉप पीसीच्या मदरबोर्डवर गुलाबी छिद्र असतं, कर्नलला ते दिसतं, त्यात काही खोचलेलं असो वा नसो. तुमचं ‘माइक नसताना आहे म्हणाली’ हे इथून आलं असेल, किंवा याच्याही पुढच्या खड्ड्यातून. पॅकटीएलने सोर्सेसची यादी मागितली की त्यात ‘मॉनिटर’ने संपणारी नावं येतात. ते माइक नव्हेत. स्पीकरला जे जातंय तेच परत ऐकवणाऱ्या वाटा आहेत, प्रत्येक स्पीकरमागे एक. साउंड कार्ड मुळीच नसलं तरी पल्स ‘ऑटो नल’ नावाचा नकली स्पीकर उभा करतं आणि त्याचाही मॉनिटर यादीत येतो. ओळी मोजणाऱ्या स्क्रिप्टला तिथेही एक ‘माइक’ सापडतो. मॉनिटरने संपणारी नावं गाळा, मग मोजा.

कार्डाच्या क्रमांकावर भरवसा ठेवू नका. आज ० आहे ते उद्या मॉनिटर एचडीएमआयने जोडला की १ होतं. क्रमांकाऐवजी नावाने बोलवा, अल्सा (लिनक्सची मूळ आवाज व्यवस्था) ‘कार्ड=’ असं नाव स्वीकारतं. आणि एका सीपीयूला चार-पाच पडदे जोडलेल्या खोल्या असतील तर तुमची तपासणी कोणत्या आसनाची (एका मुलाच्या पडदा-कीबोर्डच्या जागेची) चालली आहे हे आधी ठरवा.

नमुना दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, हा आणखी एक सापळा. व्हिस्परला हवा १६,००० हर्ट्झचा, एकपदरी आवाज. बरेच यूएसबी माइक ४४,१०० किंवा ४८,००० च देतात. खरं काय ते /प्रॉक/एसाउंड मधल्या त्या कार्डाच्या ‘स्ट्रीम०’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ‘रेट्स’च्या ओळीत. अल्साच्या ‘एचडब्ल्यू’ नावाने विचाराल तर लोखंडाची कुवत कळते; ‘प्लगएचडब्ल्यू’ किंवा ‘डिफॉल्ट’ने विचाराल तर कुठलाही दर मागा, हो म्हणतो, कारण मध्ये बसून तो रूपांतर करतो. तपासायला पहिलं, वापरायला दुसरं. उलटं केलंत तर काय होतं ते ऐकण्यासारखं आहे: ४८,००० चे नमुने १६,००० चे समजून वाचले की आवाज तिप्पट संथ होतो. चौथीतली मुलगी बोलली आणि मशीनला ऐकू आला जांभई देणारा कुंभकर्ण. पडद्यावर जे उमटलं ते मराठी नव्हतं, कुठलीच भाषा नव्हती.

शाळेत स्वतः न जाता एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) बसवत असाल तर आणखी एक. मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला सिस्टिमडी आवाजाच्या फाइल्सची परवानगी देतं, दुरून आलेल्याला देत नाही. त्यामुळे तुम्हाला ‘परमिशन डिनाइड’ आलं तरी मुलांना काहीच अडचण नसू शकते. घाईघाईने सगळ्यांना ‘ऑडिओ’ गटात टाकू नका. मग कोणी दुसऱ्याच खात्यातून चालू माइक ऐकू शकतो, आणि शाळेत ते नकोच.

खरी परीक्षा एकच: तीन सेकंद ध्वनिमुद्रण करा आणि नमुने बघा. सगळे अगदी शून्य असतील तर माइक म्यूट आहे किंवा मध्ये कोणीतरी अडवतंय. थोडी थरथर असेल आणि बोलल्यावर ती वाढत असेल तर माइक आहे. पण हे इन्स्टॉलच्या वेळी करू नका. तेव्हा खुर्चीत तंत्रज्ञ असतो, माइक कपाटात कुलूपबंद असतो, आणि न सांगता कोणाचा आवाज टिपणं मला मुळातच पटत नाही. प्रोग्राम पहिल्यांदा उघडल्यावर एक खिडकी येऊ द्या: ‘माइक लावा आणि आपलं नाव सांगा’. पट्टी हलली की पुढे. हलली नाही तर तिथेच तीन वाक्यांत सांगा: गुलाबी छिद्र बघा, म्यूट बघा, सेटिंग्जमध्ये इनपुट बदलून बघा.

इन्स्टॉल स्क्रिप्टने मग शेवटी काय म्हणावं? ‘सर्व तयार’ काढून टाका. प्रोसेसरची पातळी कळली ती सांगा. व्ही२ सुद्धा नसेल तर तिथेच नम्रपणे थांबा, अर्धवट बसवू नका. कॅप्चरचा मार्ग दिसला नाही तर ‘सध्या माइकसाठी जागा दिसत नाही, नंतर लावला तरी चालेल’ एवढं म्हणून पुढे जा, बाहेर पडण्याचा कोड शून्यच ठेवा. शिवाय फ्लॅग्जची ओळ, डीपीकेजीचं उत्तर, /डेव्ह/एसएनडी ची यादी आणि चाचणीचा कोड एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा. दोन महिन्यांनी मुख्याध्यापकांचा फोन आला की ‘तुमचं ते बोलायचं चालत नाही’, तेव्हा त्यांना ती फाइल मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगता येते.

पायची ती फाइल आधी मला पाठवा. ‘फीचर्स’च्या ओळीत ‘एएसआयएमडीडीपी’ (डॉट-प्रॉडक्टच्या आज्ञांची खूण) दिसतंय का तेवढं बघा, त्यावरून त्याला कोणती बायनरी द्यायची ते ठरेल.